महानंदाच्या हृदयाचा फोटो

माणसाप्रमाणे हृदयही फोटो काढताना पोझ देतं, म्हणून आमच्या नांदगिरीत हृदयाचे फोटो काढायचं काम दवाखान्याकडे नाही, माझ्याकडे आहे.

माझं नाव शिवशंकर हिंगमिरे. स्टँडसमोर सायकलच्या दुकानाच्या माडीवर 'रूपदर्शन फोटो स्टुडिओ' आहे, तो माझा. पूर्वी मी नुसते चेहरे काढायचो. हॉलतिकिटाचे, स्थळासाठीचे, बारशाचे, आणि ज्यांना जिवंतपणी कधी फोटो काढायला सुचलं नाही त्यांचे तेराव्यासाठीचे. मग मोबाईल आले आणि जो तो आपलाच फोटोग्राफर झाला. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं, पण ते इथे सांगत बसत नाही.

हृदयाचे फोटो आधी जिल्ह्याच्या मोठ्या यंत्रावर निघायचे. यंत्र चांगलं होतं, माणसं शिकलेली होती, पण फोटो कसा काढतात हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. ते सरळ सांगायचे, "आता फोटो काढतोय हं." असं सांगितल्यावर कुठलं हृदय सैल बसेल? सगळी हृदयं ताठ बसायची. सगळे रिपोर्ट झकास यायचे आणि महिन्याभरात तीच माणसं छाती धरून परत यायची. शेवटी वरून परिपत्रक निघालं, की हृदयाच्या छायाचित्रणाचं काम पोझ ओळखणाऱ्या अनुभवी स्थानिक छायाचित्रकाराकडे द्यावं. तालुक्यात तसा मी एकटाच. मला एक जाड भिंग मिळालं, माझ्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याला बसणारं. त्यातून शर्ट, बनियन, बरगड्या काही दिसत नाही, थेट हृदयच दिसतं. गिऱ्हाईक शर्टाची सगळी बटणं लावून बसलं तरी चालतं.

आता हे फोटो कशाला लागतात ते सांगतो. ठोका चुकण्याचा एक आजार असतो. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला थरथर सुटते आणि ठोके कसेही पडायला लागतात. त्यावर इलाज आहे. मांडीच्या शिरेतून तार वर नेतात आणि त्या कप्प्यात फुप्फुसाकडच्या शिरा जिथे उघडतात, तिथे बारीक बारीक चटके देऊन व्रणांचं कडं करतात. कडं नीट जुळलं, तर थरथर तिथेच अडते. एखादी फट राहिली, तर ती त्या फटीतून परत येते. कडं जुळलंय का आणि कप्पा किती फुगलाय, हे फोटोत दिसतं. त्यावरून डॉ. तबस्सुम काझी फोटोच्या मागे पेन्सिलीने शेरा लिहितात. 'परत येणार नाही' किंवा 'परत येईल', आणि येणार असेल तर अंदाजे महिना. काझी मॅडम दर बुधवारी जिल्ह्याहून येतात. त्यांचा महिना आजवर चुकलेला नाही.

पण हृदय पोझ देऊन बसलं, की तो कप्पा पोट आत ओढून धरतो आणि तुटकं कडंसुद्धा बांगडीसारखं गोल दिसतं. त्या फोटोचा कुणाला काही उपयोग नाही.

यावर माझ्याकडे एक युक्ती आहे. माझ्या वडिलांची. माणसाला स्टुलावर बसवायचं, मान सरळ करायची, "हं, हलू नका" म्हणायचं आणि काहीही न करता थोडा वेळ थांबायचं. मग म्हणायचं, "झालं, उठा." झालं म्हटलं की माणूस सैल पडतो, खांदे उतरतात, चेहऱ्यावर स्वतःचा चेहरा येतो. त्याच क्षणी पाठीमागे धरलेला, कॅमेऱ्याची कळ उघडणारा रबरी फुगा दाबायचा. हृदयाचंही तेच असतं. आमच्या एका पैलवानाचं हृदय स्टुलावर दंड फुगवून बसलं होतं. झालं म्हटल्यावर असं लाजलं, की मलाच कसंतरी झालं. हायस्कूलच्या माजी हेडमास्तरांचं हृदय तर हनुवटी वर करून बसायचं. तेही फसलं. चारशे बारा हृदयं मी या एका शब्दावर काढली आहेत.

चारशे तेरावं माझ्या बायकोचं होतं.

महानंदा लग्न होऊन आली त्याच आठवड्यापासून स्टुडिओत काम करते. गिऱ्हाइकाला फणी देणं, मुलींचा पदर नीट करणं, रडक्या पोरासमोर खुळखुळा वाजवणं, पाकिटांवर नावं घालणं ही सगळी तिची कामं. चौतीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला उभी आहे. गेल्या मार्गशीर्षात चटणीसाठी शेंगा भाजता भाजता ती एकदम खाली बसली आणि म्हणाली, "अहो, कढईतल्या शेंगा माझ्या छातीत उडायला लागल्या काय ओ." मी हात ठेवून पाहिला. खरंच शेंगा उडत होत्या. एक उडायची, मग दोन एकदम, मग बराच वेळ काहीच नाही.

जिल्ह्याला नेऊन इलाज केला. तार घातली, चटके दिले, चार दिवसांत घरी आलो. काझी मॅडम म्हणाल्या, "हिंगमिरेकाका, तीन महिन्यांनी फोटो काढा. मग सांगते." मी म्हटलं, घरचंच काम आहे.

तीन महिने चैत्रात संपत होते, आणि चैत्रात आमच्या रेवणसिद्धाची जत्रा असते. इथे जरा थांबून पाळण्याचं सांगायला हवं, कारण महानंदाला आजाराचं जेवढं पडलं नव्हतं तेवढं पाळण्याचं पडलं होतं.

जत्रेत आमचा फोटोचा मंडप असतो. मागे रंगवलेला पडदा, पुढे पुठ्ठ्याचं विमान आणि पुठ्ठ्याची चंद्रकोर, जिच्यावर नवी जोडपी बसतात. मंडपाची जागा वडिलांच्या वेळेपासून ठरलेली, गेनबा पवारच्या मोठ्या पाळण्याच्या अगदी बुडाशी. दरवर्षी दुपारी गर्दी ओसरली, की महानंदा मान वर करून पाळणा बघायची आणि म्हणायची, "एकदा बसू या की ओ." आणि दरवर्षी मी म्हणायचो, "गिऱ्हाईक आहे. पुढच्या वर्षी." असं तेहतीस वेळा झालं. चौतिसाव्या जत्रेत तिने मला विचारलंच नाही. मंडप सोडताना पडद्याची घडी घालत म्हणाली, "पुढच्या वर्षी मी बसणार आहे. तुम्ही या, नका येऊ."

आणि नेमका नियम आडवा आला. तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त तलाठी पाळण्यात बसले होते. वर गेल्यावर त्यांचा ठोका चुकला, आणि पाळण्याने त्यांचाच ठोका धरला. दोन हिसके, मग थांबला, मग तीन हिसके. बावीस माणसं अर्धा तास वर लोंबकळत होती. तेव्हापासून नगरपंचायतीचा नियम आहे. ज्याच्या हृदयावर इलाज झालाय, त्याने 'परत येणार नाही' असा शेरा असलेला फोटो दाखवायचा, तरच पाळण्यात बसायला मिळतं.

जत्रेला अठरा दिवस होते. मी महानंदाला स्टुलावर बसवलं.

"मान सरळ," मी म्हटलं.

"सरळच आहे."

"हं. हलू नको." थोडा वेळ थांबलो. मग नेहमीच्या आवाजात म्हटलं, "झालं, ऊठ." आणि फुगा दाबला.

ती उठली नाही. "काढा की आता," म्हणाली.

डार्करूममध्ये फोटो धुतला. हृदय दोन्ही खांद्यांवरून पदर घेतल्यासारखं बसलं होतं. कप्पा आत ओढलेला, कडं पाटल्यांसारखं गोल. बुधवारी काझी मॅडमनी तो उजेडात धरला आणि टेबलावर ठेवला. "काका, हे हृदय नाही. हे ग्रीटिंग कार्ड आहे. यावर मी शेरा लिहिणार नाही."

मी चिडलो. चाळीस वर्षांच्या धंद्यात मला कुणी फोटो परत केलेला नाही. घरी येऊन महानंदाला म्हटलं, "तुझ्या हृदयाला जरा सैल पडायला काय होतं?"

"मी कुठे काय करते? तेच करतंय," ती म्हणाली. "चौतीस वर्षं ऐकतंय ते. तुम्ही झालं म्हटलं की अजून झालेलं नसतं, एवढं त्याला कळतं."

त्यानंतरचे दहा दिवस मी काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. पिठाच्या डब्यामागे कॅमेरा ठेवला आणि ती भाकरी थापताना फुगा दाबला. तिच्या हृदयाने डब्याचं झाकण हललेलं ऐकलं होतं. ते भाकरी थापण्याची पोझ देऊन बसलं होतं. दुपारी ती पडली असताना काढला. हृदय झोपेचं सोंग घेऊन पडलं होतं, तेही एका कुशीवर, फोटोत बरी दिसेल अशा. मग मी जेवताना मुद्दाम म्हटलं, की तुझ्या बहिणीच्या हातची आमटी जास्त चांगली होते. महानंदा रागावली. दोन दिवस बोलली नाही. फोटोत मात्र हृदयाने रुसव्याची पोझ दिली होती, मान किंचित तिरकी, आणि कडं तसंच गोल.

काझी मॅडमनी हे तिन्ही फोटोही परत केले.

"असं कुठवर चालायचं?" मी विचारलं.

"काका, मला खोटं लिहिता येत नाही. यांचं हृदय कॅमेऱ्याला सोडून दुसऱ्या कशाकडे तरी बघेल, असं काहीतरी करा," त्या म्हणाल्या. "असं काही आहे का, की जे समोर आलं तर या तुम्हाला विसरतील?"

महानंदा शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून जत्रेचं मैदान दिसत होतं, आणि गेनबाची माणसं पाळण्याचे खांब उभे करत होती. मॅडमनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला दवाखान्यात उगाचच घाम आला.

दुसऱ्या दिवशी मी नगरपंचायतीत गेलो. जत्रेच्या परवान्यांचं टेबल लोंढे साहेबांकडे आहे. माणूस कडक, पण ऐकून घेतो.

"लोंढे साहेब, बायकोच्या हृदयाचा फोटो पाळण्यात काढायचा आहे," मी म्हटलं.

"पाळण्यात बसायला फोटो लागतो."

"फोटो काढायला पाळण्यात बसावं लागतं."

लोंढे साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे फोटोसाठी परवानगी आणि परवानगीसाठी फोटो."

"हो."

"असे अर्ज आमच्याकडे येतात," ते म्हणाले. "रहिवासी दाखल्याचं असंच असतं." त्यांनी कपाटातून नियमावली काढली आणि बोट फिरवत वाचायला लागले. मी समोर बसून राहिलो. त्यांनी चहा मागवला, तो आला, मी प्यायलो, त्यांचा तसाच निवला. शेवटी ते म्हणाले, "वहिनी तुमच्या स्टुडिओत बसतात, त्याला आमची परवानगी लागते का?"

"स्टुडिओत? नाही."

"स्टुडिओ कुठल्या मजल्यावर असावा, असा काही नियम?"

"नाही."

"मग पाळण्याचा एक डबा तुमच्या स्टुडिओची तात्पुरती शाखा म्हणून नोंदवू. वहिनी पाळण्यात बसणार नाहीत. त्या शाखेत बसतील. शाखा वर जाईल, खाली येईल, त्याच्याशी या कार्यालयाचा संबंध नाही." त्यांनी कोरा कागद ओढला. "किती वेळासाठी?"

गेनबाला विचारलं होतं. एक फेरी अकरा मिनिटांची. लोंढे साहेबांनी लिहिलं: डबा क्रमांक सात, 'रूपदर्शन फोटो स्टुडिओ', शाखा दुसरी, मुदत अकरा मिनिटं. शाखाप्रमुख म्हणून माझी सही घेतली.

"शाखाप्रमुखाने शाखेत हजर राहणं बंधनकारक आहे," ते म्हणाले.

"कॅमेरा बांधून ठेवला आणि दोरीने खालून दाबला तर?"

"हिंगमिरे, शाखाप्रमुखाशिवाय शाखा कशी चालेल?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारला, ऊन बरं होतं तेव्हा आम्ही शाखा उघडली. महानंदाने आंब्याच्या पानाच्या रंगाची इरकली साडी नेसली होती. मी कॅमेरा डब्याच्या एका बाकाला सुतळीने बांधला, भिंग तिच्याकडे केलं, आणि रबरी फुगा उजव्या मुठीत घेऊन कॅमेऱ्याशेजारी बसलो. काझी मॅडम खाली उभ्या होत्या, हातात त्यांची पेटी. गेनबाने डब्याची कडी घातली आणि म्हणाला, "चालू करू का शाखा?" महानंदा म्हणाली, "करा."

शाखा वर निघाली.

मी डोळे मिटले. मला वाटलं होतं, पाळणा फिरेल आणि मी तिला न सांगता फुगा दाबीन. पण डोळे उघडल्याशिवाय कळणार कसं, की कधी दाबायचा? आणि डोळे तर उघडत नव्हते. एका हाताने मी बाकाची कड धरली होती. पाळणा अगदी वर गेला आणि थांबला, कारण गेनबा खाली माणसं भरत होता. डबा नुसता झुलत होता.

"अहो, आपला मंडप बघा की," महानंदा म्हणाली.

"बघितला."

"विमान केवढंसं दिसतंय. कुठल्या बाजूला आहे, सांगा बरं?"

"खाली," मी म्हटलं.

"डोळे मिटून कसला फोटो काढताय?" ती म्हणाली.

माणसाला उंचावर खोटं बोलता येत नाही, असं नाही. पण मला आलं नाही. माझ्या मनात त्या वेळी फोटो नव्हता, आजार नव्हता, काझी मॅडम नव्हत्या. चौतीस जत्रा होत्या.

"महानंदा, गिऱ्हाईक नसायचं गं," मी म्हटलं.

"काय?"

"दरवर्षी गिऱ्हाईक आहे म्हणायचो ना मी. उन्हाचं चारला कुठलं गिऱ्हाईक असतंय? मला भीती वाटते. उंचीची. लग्नाच्या आधीपासून. तुला काय सांगणार, म्हणून नाही सांगितलं. आणि मग इतकी वर्षं झाली, की सांगायचं राहूनच गेलं."

समोरून हुंदक्यासारखा आवाज आला. मला वाटलं ती रडतेय. मी एक डोळा उघडला. ती तोंडावर पदर धरून हसत होती. मग पदरही सुटला. ती अशी हसत होती, की डबा हलायला लागला, आणि खाली गेनबाने पाळणा सोडला. डबा एकदम खाली आला, माझी मूठ घट्ट आवळली गेली आणि कॅमेऱ्याने खट्ट केलं.

"काढला काय ओ?" तिने हसता हसता विचारलं.

"मी नाही काढला," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. तो फोटो माझ्या भीतीने काढला.

पाळणा आणखी तीनदा फिरला. पहिले दोन फेरे ती इकडे तिकडे बघत होती. देवळाचा कळस, ओढा, आमची माडी, सगळ्यांची नावं मोठ्याने घेत होती. तिसऱ्या फेऱ्यात म्हणाली, "घरातला बल्ब बदलायला दरवेळी मला स्टुलावर का चढवता, ते आज कळलं."

शाखा मुदतीत बंद झाली. मी दोन्ही पायांवर उतरलो, याची नोंद व्हावी.

संध्याकाळी डार्करूममध्ये फोटो धुतला. पाण्यातून हृदय हळूहळू वर आलं. मी चौतीस वर्षं या बाईबरोबर राहिलो आणि तिचं हृदय तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोंड उघडं, केस उडालेले, कुणाकडे बघायचं भान नाही. फार सुंदर होतं. वरचा डावा कप्पा सैल सुटला होता आणि चांगलाच फुगलेला दिसत होता. आणि कड्याला वरच्या अंगाला फट होती. फणीच्या एका दात्याएवढी.

मला रडू आलं. डार्करूममध्ये रडलं तर फोटो खराब होत नाही, हा एक फायदा आहे.

टचअपची पेन्सिल हाताशीच होती. मी आयुष्यभर लोकांचे देवीचे वण पुसले आहेत, तिरळे डोळे सरळ केले आहेत, एका नवरदेवाला तर मी केसही दिले होते. फणीच्या दात्याएवढी फट जोडायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. मग शेरा चांगला आला असता. मी पेन्सिलीला टोक केलं.

"त्याला हात लावू नका," महानंदा म्हणाली. ती दारातल्या पडद्याआडून बघत होती. किती वेळ, कुणास ठाऊक. "चांगली आलेय मी."

"फट आहे गं."

"दिसतेय मला. असू दे."

मी पेन्सिल ठेवून दिली.

काझी मॅडम त्या दिवशी आमच्याकडेच थांबल्या होत्या. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग मागे लिहिलं: 'परत येईल. अंदाजे श्रावणाचा दुसरा आठवडा. फट एकच, वरच्या अंगाला.' लिहून झाल्यावर फोटो उलटा करून पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "काका, फट कुठे आहे ते आता मला माहीत आहे. पहिल्या वेळी मला सगळीकडे चटके द्यावे लागले. या वेळी एवढंच जोडायचं." आणि महानंदाला म्हणाल्या, "काकू, घाबरू नका."

"मी नाही घाबरत," महानंदा म्हणाली. "यांना सांगा."

नियमाप्रमाणे फोटो नगरपंचायतीत गेला. जत्रा उठून पाच दिवस झाल्यावर, गेनबाचा पाळणा खोलून ट्रकवर चढल्यावर, लोंढे साहेबांचं पत्र आलं. 'आपल्या हृदयाचा आजार परत येण्याची शक्यता असल्याने आपणांस मोठ्या पाळण्यात बसण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे.' महानंदाने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, पोचपावतीवर सही केली आणि पत्र कपाटात इरकलीच्या घडीत ठेवलं. अजून तिथेच आहे. कुणी पाहुणी आली की ती साडी दाखवायचं निमित्त करते आणि पत्र दाखवते.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ती शेंगा भाजत होती. "आल्या बघा," म्हणाली. मी हात ठेवला. एक उडाली, मग दोन एकदम. तिने गॅस बंद केला, कढई उतरवली, शेंगा परातीत पसरल्या. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "चला. बॅग भरून ठेवलीय मी आषाढातच."

जिल्ह्याला काझी मॅडमनी फोटो समोर लावून तार वर नेली आणि तेवढीच फट जोडली. तासाभराचं काम झालं. बाहेर बाकावर बसून मी देवाला काय काय कबूल केलं ते माझं आणि त्याचं आहे. महानंदा शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "शेंगा कुणी झाकल्या का?"

नव्या फोटोसाठी पुन्हा तीन महिने थांबायचं होतं. पण त्याची वाट न बघता मी लोंढे साहेबांकडे गेलो आणि सांगितलं, की तात्पुरत्या शाखेची मुदत वाढवून कायम करायची आहे.

"धंदा चालेल का तिथे?" त्यांनी विचारलं.

"चालवायचा नाहीये."

त्यांनी ते शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं लिहून घेतलं. गेनबाची हरकत नव्हती. त्याची एवढीच अट होती, की पाळणा जत्रेजत्रेला हिंडतो, तर शाखाही हिंडेल. लोंढे साहेब म्हणाले, फिरत्या शाखेला वेगळा अर्ज आहे. तोही भरला. सध्या आमची शाखा पलीकडच्या तालुक्यात एका उरुसात आहे. येत्या चैत्रात ती नांदगिरीला येईल आणि दुपारी चारला उघडेल. फोटोचं काय येतं ते येवो, महानंदा तिथे बसणार आहे आणि शाखाप्रमुख हजर राहणार आहे, डोळे मिटून का होईना.

डबा क्रमांक सातच्या दारावर मी पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतलाय. वर स्टुडिओचं नाव, त्याखाली शाखा दुसरी, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरात: या शाखेत गिऱ्हाईक घेतलं जात नाही.